येतेच भाऊ, दोन मिनिटं!

बोरी अरबच्या हॉटेलात गिऱ्हाईक चिडलं, तर मालकाला ते ताबडतोब कळतं. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं गाव, बाहेर एसटी उभी, आत कढईत आलुबोंडे, आणि गिऱ्हाईक मालकाच्या ओळखीचं, नाहीतर ओळखीच्याच्या ओळखीचं. ‘काऊन भाऊ, किती वेळ?’ असं ते तोंडावर विचारतं आणि ‘येतेच भाऊ, दोन मिनिटं!’ हे उत्तर ऐकून पुन्हा बाकावर टेकतं. पुण्या-नागपुरातलं गिऱ्हाईक आतल्या आत धुमसतं, वेटरला ‘मस्त होतं’ म्हणतं आणि रात्री घरी जाऊन मोबाइलवर एक तारा देतं. चिडायची कारणं मात्र दोन्हीकडे बरीचशी सारखी आहेत. गंमत अशी, की त्यातल्या पुष्कळ कारणांवर कुणी ना कुणी संशोधन केलंय, नाहीतर कायदा तरी केलाय.

निकाल आधीच सांगून टाकतो. खारट भाजी माणूस विसरतो, पण आपल्याला कुणी विचारलं नाही हे विसरत नाही. अमेरिकेत ‘झगाट’ ही हॉटेलांना गुण देणारी नावाजलेली पुस्तिका. तिच्या पाहण्यांमध्ये वर्षानुवर्षं पहिली तक्रार असायची ती वाईट सेवेची. २०१८ मध्ये तिला मागे टाकून गोंगाट पहिला आला. दोन्ही तक्रारींचा मिठाशी संबंध नाही. (गोंगाटाचा आहे म्हणा, पण ते पुढे.)

दोन मिनिटं किती मिनिटांची?

डेव्हिड माइस्टर नावाच्या प्राध्यापकाने १९८५ मध्ये रांगेत ताटकळण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. सेवाक्षेत्रात तो आजही वाचला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रिकामं बसून काढलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. कारण न सांगता थांबवलं तर आणखी लांब वाटतो. आणि आपलं काम सुरूच झालेलं नाही असं वाटत असेल, तर सर्वांत लांब.

आपल्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांनी माइस्टर वाचलेला नाही, पण त्यांचा पोऱ्या तेच करतो. तुम्ही टेकलात की खांद्यावरचं फडकं टेबलावरून फिरतं, चार ग्लास चार बोटांत धरून समोर आदळतात (बोटं पाण्यात बुडालेली, हा वेगळा विषय), आणि ‘बोला!’ खायला काहीच आलेलं नसतं, पण आपली दखल घेतली गेली एवढ्यावर माणूस दहा मिनिटं गप्प बसतो. याउलट शहरातल्या थंडगार हॉटेलात कुणी तुमच्याकडे बघतही नाही, तेव्हा पाचव्या मिनिटालाच बायको म्हणते, ‘उठा, दुसरीकडे जाऊ.’

माइस्टरने आणखी एक कळ सांगितली आहे: अन्यायाने थांबावं लागलं तर वेळ जास्तच खुपतो. आपल्यानंतर आलेल्या टेबलावर आधी ताट गेलं की डोकं फिरतं ते भुकेने नाही. एसटी जिथे जेवायला थांबते तिथे ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट आधी लागतं, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यावर कुणी फारसं चिडत नाही, कारण ते जेवल्याशिवाय गाडी हलणार नाही हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

तसा थांबण्याचा सराव या पट्ट्याला जुना आहे. दारव्ह्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज ‘शकुंतला’ मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होती, म्हणजे इंजिन तिला ओढत होतं. डिझेल आल्यावरही घाई तिला कधी शिवली नाही.

वेटर विसरतो कधी?

ब्लुमा झायगार्निक ही लिथुआनियात जन्मलेली मानसशास्त्रज्ञ बर्लिनमध्ये कुर्त लेविन यांच्याकडे शिकत होती. तिथल्या एका कॅफेतला वेटर कागदावर न लिहिता लांबलचक ऑर्डरी ध्यानात ठेवायचा, पण बिल चुकतं झालं की सगळं पुसून जायचं, असं निरीक्षण सांगतात. त्यातून तिने प्रयोग केले आणि १९२७ मध्ये छापले: अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या डोक्यात रुतून बसतं, पुरं झालेलं निघून जातं.

म्हणजे ‘दोन पोहे, एक तर्री जास्त, एक बिनासाखरेचा, तीन हाफ’ हे पाठ ठेवणारा पोऱ्या पैसे दिल्यावर उरलेले वीस रुपये परत करायला विसरतो, त्यात लबाडीच असेल असं नाही. त्याच्या लेखी तुमची फाइल बंद झालेली असते. उरलेले पैसे हवे असतील तर टेबल सोडू नका.

तीस रुपयांचं पोट

एसटीच्या प्रवाशाची तक्रार वेगळीच असते. त्याने हॉटेल निवडलेलंच नसतं. गाडी थांबेल तिथे खायचं, आणि दहा मिनिटांत. निवड हातात नसली की दर वाढतो आणि पोहे थंडावतात, हा बाजाराचा जुना नियम. म्हणून २०१६ मध्ये एसटी महामंडळाने अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना आणली: शिरा, पोहे, उपमा, वडापाव, इडली, मेदूवडा यांपैकी एक, सोबत चहा. तिकीट दाखवायचं आणि मागायचं. हे ठाऊक असलेला प्रवासी मला क्वचितच भेटतो, आणि ‘ती योजना हाये का?’ असं विचारल्यावर काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो. अस्वच्छता, शिळं अन्न आणि दामदुप्पट दराच्या तक्रारी एवढ्या साचल्या, की २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी राज्यभरच्या या थांब्यांची पाहणी करायला सांगितलं.

ताटात नेमकं किती येणार, हे आपल्याकडे हॉटेलवाले सांगत नाहीत. सरकारने मात्र एकदा सांगितलंय. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असं वजनानिशी ठरवलेलं, किंमत १० रुपये. आता चारशे रुपयांच्या ‘पनीर हंडी’त पनीर किती ग्रॅम, हे विचारून बघा.

एका पातेल्यातल्या दोनशे भाज्या

हा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा आहे, जरा सविस्तर सांगतो. रस्त्याकडेच्या साध्या हॉटेलात मेनूकार्ड नसतं. काचेच्या कपाटात दिसतं ते आहे, दिसत नाही ते संपलं. आलुबोंडा, भजे, समोसा, पोहे, वर चण्याचा रस्सा. फसवणुकीला जागाच नाही. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मात्र बारा पानांचं प्लास्टिक चढवलेलं पुस्तक हातात येतं: पनीर बटर मसाला, पनीर तुफानी, व्हेज कोल्हापुरी, व्हेज जयपुरी, व्हेज दिवानी, व्हेज काय वाट्टेल ते.

स्वयंपाकघरात डोकावलात तर तिथे मोठमोठी तीन-चार पातेली दिसतील. टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी, कांदा-टोमॅटोची तपकिरी, आणि जमलं तर पालकाची हिरवी. सकाळीच शिजवून ठेवलेल्या. ऑर्डर आली की लाल एक पळी, पांढरी अर्धी पळी, पनीर टाकलं, वरून मलई, झालं ‘बटर मसाला’. तिखट वाढवलं, अख्खी मिरची तळून वर ठेवली, झालं ‘कोल्हापुरी’. कोल्हापूरकराने ती खाल्ली तर तो खटला भरेल. यात बेकायदा काही नाही, जगभरची मोठी स्वयंपाकघरं असंच भागवतात, नाहीतर शंभर माणसांना रात्री नऊ वाजता जेवू घालणार कसं? राग येतो तो चार नावांच्या चार भाज्या मागवल्यावर चारही वाट्या एकाच आईच्या निघतात तेव्हा.

यावर उपाय सोपा आहे. वेटरला विचारा, ‘आज ताजं काय केलंय?’ या प्रश्नाला तो खरं उत्तर देतो, असा माझा अनुभव आहे. ‘चांगलं काय आहे?’ असं विचारलंत तर तो महागातलं सांगेल.

पनीरचं तर आणखी एक प्रकरण आहे. दुधाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेलं ‘अ‍ॅनालॉग’ पनीर हॉटेलांत खऱ्याच्या नावाने खपतं, ही तक्रार मार्च २०२५ मध्ये थेट विधानसभेत पोचली. अ‍ॅनालॉग विकायला बंदी नाही. त्याला पनीर म्हणून विकायला आहे.

रोटी आली तर भाजी नाही

ही तक्रार सार्वत्रिक आणि तिच्यामागे शास्त्र आहे. तंदूर चारशे अंशांच्या आसपास तापलेला असतो, रोटी त्यात मिनिटभरात होते. बाहेर काढल्याबरोबर तिचं पाणी उडायला लागतं, आणि थंड होताना मैद्यातलं पिष्ट पुन्हा घट्ट बांधलं जातं. दहा मिनिटांत रोटीचं चामडं होतं. म्हणूनच चांगला वेटर एकेक रोटी आणतो आणि वाईट वेटर भाजी यायच्या आधी सहाच्या सहा आणून टाकतो, नंतर पुन्हा दिसत नाही. आपल्या ज्वारीच्या भाकरीची ही अडचण कमी. ती थंड झाली तरी ठेच्याबरोबर जाते, आणि उरली तर सकाळी ताकात कुस्करता येते. रोटीला दुसऱ्या दिवशी ढोरंही तोंड लावत नाहीत.

झणझणीत, पण कितपत?

विदर्भात तिखटाबद्दल तक्रार करणं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. नागपुरी सावजीचा रस्सा भुरकताना नाकातोंडातून पाणी वाहतं, तरी माणूस ‘काही नाही, उन्हाचं’ म्हणतो. पाहुणा मात्र ढसाढसा पाणी पितो आणि आग आणखी पसरते. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात २०१९ मध्ये वेगवेगळी पेयं देऊन तपासलं, तेव्हा दूध अव्वल ठरलं, सायीचं असो की बिनसायीचं. त्याच्या पाठोपाठ गोड सरबत. तेव्हा तर्री डोक्यात गेली तर बिसलरी मागवू नका, दही मागवा.

कढईतलं तेल, कागदातले भजे

गरम भजे वर्तमानपत्रावर घ्यायचे आणि तेल टिपलेल्या कागदावरची अर्धी बातमी वाचायची, हा अनेकांच्या बालपणाचा भाग. आता तो नियमाविरुद्ध आहे. छपाईच्या शाईत शिसं आणि इतर घातक द्रव्यं असतात, ती गरम तेलात उतरतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सूचना काढली, २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्रात अन्न गुंडाळायला मनाई केली, आणि २०२३ मध्ये पुन्हा आठवण करून दिली. तीनदा सांगावं लागलं यावरून काय समजायचं ते समजा.

तेलाचंही माप आहे. तेच ते तेल तापवत राहिलं की त्यात ‘पोलर’ घटक साचत जातात. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के. त्यापुढे तेल स्वयंपाकातून बाद. रोज ५० लिटरहून जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी त्याची नोंदही ठेवायची असते. आपल्याकडे ना उपकरण ना नोंदवही, पण डोळे आहेत: तेल काळं, चिकट, फेसाळ, आणि कढई तापायच्या आधीच धूर. असं दिसलं तर भजे सोडा, चहा घ्या.

केसाचं मात्र काही करता येत नाही. निरोगी माणसाच्या डोक्यावरून दिवसाला ५० ते १०० केस गळतात, त्यातला एखादा वरणात पडायचाच. म्हणून डोक्यावर टोपी हवी, असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. लेकुरवाळ्या घरात केस सापडला तर आपण गुपचूप बाजूला काढतो, हॉटेलात सापडला तर मॅनेजरला बोलावतो. अमेरिकन तर याबाबत आपल्याहून सहनशील: तिथल्या सरकारच्या मापात १०० ग्रॅम शेंगदाण्याच्या लोण्यात किड्यांचे सरासरी ३० तुकडे होईपर्यंत कारवाईची पाळी येत नाही.

बिल आल्यावरचं तोंड

इथे गाव आणि शहर वेगळी होतात. बोरीसारख्या गावात बिल तोंडी असतं: पोऱ्या दारातून ओरडतो, ‘दोन चहा, तीन बोंडे, सत्तर!’ आणि गल्ल्यावरचा माणूस मान हलवतो. शहरात बिलाला शेपूट असतं.

शेपटाचं पहिलं पेर ‘सर्व्हिस चार्ज’. हा कर नाही, सरकारला जात नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं, की तो आपोआप बिलात जोडता येणार नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना न्यायालयात गेल्या, स्थगिती मिळवली. २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये दंडही लावला. त्यामुळे बिलात तो दिसला तर शांतपणे काढायला सांगा. आवाज चढवायची गरज नाही.

दुसरं पेर जीएसटी. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटला तो ५ टक्के, एसी असो वा नसो. त्याआधी बिनाएसीला १२ आणि एसीला १८ होता, त्यामुळे लोक पंख्याखालची जागा मागायचे. पण खरी गंमत इथे आहे: छोट्या उलाढालीची कितीतरी हॉटेलं ‘कंपोझिशन’ योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. तसं बिलावर लिहायचंही असतं. आणि ज्यांची नोंदणीच नाही त्यांनी कर लावायचा प्रश्नच नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नाही, पण ५ टक्के आहेत, असं दिसलं तर ते पाच टक्के कुणाच्या घरात चाललेत ते ओळखा.

पाण्याच्या बाटलीवरून भांडायच्या आधी मात्र जरा थांबा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं कायदा आपल्या बाजूने आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हॉटेल-रेस्टॉरंटात बसून घेतलेली बाटली ही नुसती विक्री नाही, तिच्याबरोबर जागा आणि सेवाही येते, त्यामुळे तिथे जादा दर लावता येतो. किराणा दुकानात किंवा बसस्थानकावरच्या स्टॉलवर मात्र छापील किंमत म्हणजे छापील किंमत. हा निकाल मला पटत नाही, पण निकाल तो निकाल. साधं पाणी मागा, ते अजून फुकट आहे.

आणि सुटे. तीन रुपयांच्या बदल्यात तीन गोळ्या हातावर ठेवणं ही आपली राष्ट्रीय सवय. गोळी हे चलन नाही, दहाचं नाणं आहे, तरी आपल्याकडे कितीतरी गल्ल्यांवर गोळी चालते आणि दहाचं नाणं चालत नाही. नाण्याच्या चौदाच्या चौदा नमुन्यांना मान्यता आहे, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं होतं. फोनपेवर सत्तर रुपये नेमके पाठवता यायला लागले, तेव्हापासून हे भांडण थंडावलंय.

गोळीवरून आठवलं. २००२ मध्ये अमेरिकन संशोधकांनी बिलाबरोबर गिऱ्हाइकाला चॉकलेट देऊन पाहिलं. टिप बिलाच्या १५ टक्क्यांवरून पावणेअठराच्या आसपास गेली. दुसऱ्या प्रयोगात वेटरने आधी एक गोळी दिली, निघाल्यासारखं केलं आणि मागे वळून आणखी एक दिली, तेव्हा टिप १९ वरून २३ टक्क्यांपर्यंत चढली. आपली बडीशेप-खडीसाखर हे काम पिढ्यान् पिढ्या करते आहे, फक्त आपण मूठभर बडीशेप घेऊन टिप न देताही निघू शकतो.

आवाज कमी कर ना भाऊ

महामार्गावरच्या ढाब्यांनी हल्ली डीजेचे स्पीकर लावलेत. जेवताना शेजारच्याला ‘मीठ दे’ सांगायला हातवारे करावे लागतात, आणि मीठ लागतंच, कारण मोठ्या आवाजात खारट आणि गोड या दोन्ही चवी फिक्या लागतात. इंग्लंडमध्ये हेडफोनवर गोंगाट ऐकवून खायला दिलं, तेव्हा २०११ मध्ये हे दिसून आलं. चार वर्षांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कळलं, की गोंगाटात गोड दबतं, पण टोमॅटोसारख्या पदार्थांतली मांसल, दाट चव उलट वाढते. विमानात लोक टोमॅटोचा रस का मागवतात याचं हे एक उत्तर.

मग मालक गाणी वाजवतो कशाला? १९८६ मधल्या एका प्रयोगात संथ संगीत लावल्यावर गिऱ्हाइकं जास्त वेळ बसली आणि पिण्यावर जास्त खर्च करून गेली. जलद संगीताने टेबलं लवकर रिकामी होतात. ढाब्यावर धडधडतं गाणं लागलं तर समजा, रांगेत माणसं आहेत.

डुगडुगणारं टेबल

एक पाय अधांतरी, चहा बशीत. आपला रिवाज म्हणजे विड्यांच्या पाकिटाचा पुठ्ठा दुमडून पायाखाली सारणे. गणिती मंडळींचा उपाय वेगळा आहे: टेबल फिरवा. चारही पाय सारख्या लांबीचे असतील आणि जमीन ओबडधोबड असली तरी एकदम खड्डा-पायरी नसेल, तर चौरस टेबल जागच्या जागी जास्तीत जास्त पाव फेरी फिरवलं, की कुठेतरी चारही पाय टेकतातच. १९७० च्या सुमारास ही कल्पना गणितात मांडली गेली, आणि २००० नंतरच्या दशकात युरोपातल्या सर्न संशोधन केंद्रातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि इतरांनी जमिनीचा उतार किती चालेल याच्या नेमक्या सिद्धता दिल्या. मातीच्या अंगणात मांडलेल्या टेबलाला हे लागू. फरशीवरही डुगडुगत असेल तर दोष टेबलाच्या पायात आहे, तिथे पुठ्ठाच बरा.

गिऱ्हाईक आत येऊच शकत नाही, तेव्हा

स्वच्छतेची ओरड आजची नाही. दादरला १९१० साली सुरू झालेल्या मामा काणे यांच्या दुकानाचं नावच ‘स्वच्छ उपाहारगृह’. पाटीवर ‘चविष्ट’ न लिहिता ‘स्वच्छ’ लिहावंसं वाटलं, यावरून तेव्हाच्या गिऱ्हाइकाला बाहेर खाताना कशाची धास्ती होती ते कळतं.

पण त्याहून मोठी तक्रार होती, तिच्यापुढे वरची सगळी यादी फिकी पडते. ज्यांना हॉटेलात पायच ठेवू देत नसत, कप वेगळा, पाणी वरून ओतलेलं, त्यांची. कोल्हापुरात गंगाराम कांबळे या दलित सेवकाला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा मागवून प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावायचे. गिऱ्हाइकाने हॉटेलवाल्याला तारे द्यायची याहून उंच पद्धत मला माहीत नाही. पुढे १९५० मध्ये लागू झालेल्या आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख आला: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कुणाला अडवता येणार नाही. मिसळीत फरसाण कमी पडलं ही तक्रार करण्याची पाळी आपल्यावर यायला आधी हे व्हावं लागलं.

आता मालकाचंही ऐका

गिऱ्हाईकही काही संत नसतं. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ‘हे करू नका, ते करू नका’ अशा सूचनांची लांबलचक पाटी असे. धोबीतलावच्या बस्तानी हॉटेलातली यादी इतकी गाजली, की कवी निस्सिम इझिकेल यांनी तिच्यावरून इंग्रजी कविताच केली. एवढं सगळं करू नका म्हणून सांगावं लागलं, म्हणजे कुणीतरी ते करत होतं. माटुंग्याला १९४२ पासून चालत आलेल्या रामा नायक यांच्या उडिपी बोर्डिंगात केळीच्या पानावर पोटभर वाढतात, पण बाहेर टोकन घेऊन थांबावं लागतं आणि अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं. तिथे तक्रार ऐकू येत नाही. रांग सगळ्यांना सारखी आणि वाढणारा हात मोकळा असला की माणूस ताटकळतो, आनंदाने.

आपल्याकडे मालकांची खरी दुखरी नस उधारी. ‘लिहून ठेव’ म्हणणारा गावकरी चहा थंड होता म्हणून आवाज चढवतो तेव्हा मालकाने काय करावं? तो नवीन चहा ठेवतो. यादीत दोन चहा लिहितो.

तर पुढच्या वेळी छापील बिल हातात आलं, की तीन गोष्टी बघा. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का (१ जानेवारी २०२२ पासून बिलावर सक्तीचा), सर्व्हिस चार्ज चिकटवलाय का, आणि जीएसटी लावला असेल तर त्याचा क्रमांक आहे का. बोलून भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्नाबद्दलच तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५. यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला एक रुपयाही शुल्क लागत नाही. आणि बोरी अरबच्या हॉटेलात असाल तर यातलं काहीच लागणार नाही. गल्ल्यापर्यंत जा, मालक तिथेच बसलेला आहे.